‘सगळे कपड्यांतलेच फोटो आहेत’ : सार्वजनिक जागी चोरून टिपलेली छायाचित्रे आणि कायदा

अबोली (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा काढावा की नाही, याचा मी तीन आठवडे विचार करत होते, कारण ज्या मुलीच्या बाबतीत हे घडले ती माझी भाची आहे आणि तिने होकार दिल्याशिवाय एक शब्दही लिहायचा नाही, असे मी ठरवले होते. तिने होकार दिला. फक्त आपले नाव, कॉलेज आणि घटनेची तारीख लिहू नये, असे सांगितले. म्हणून ते तपशील येथे नाहीत.

रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत आम्ही दोघी स्कूटर घेऊन चढलो. संध्याकाळची गर्दी होती. भाची कठड्याला टेकून नदीकडे पाहत उभी होती आणि मी स्कूटरजवळ होते. आमच्या मागच्या चारचाकीत चालकाशेजारी बसलेल्या माणसाने मोबाईल मांडीवर असा धरला होता, की तो काही वाचतो आहे असेच कोणालाही वाटावे; पण त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा एकाच जागी टेकत होता आणि मोबाईलची पाठ सतत तिच्याकडे होती. मी खिडकीशी जाऊन विचारले तेव्हा त्याने आधी नाकारले, मग आजूबाजूची चार माणसे जमल्यावर मोबाईल पुढे केला. त्यात भाचीची अकरा छायाचित्रे होती. एकातही तिचा चेहरा नव्हता. सगळी पाठमोरी, कमरेपासून खाली, झूम करून घेतलेली होती. त्याआधीची छायाचित्रे पाहिली तेव्हा बाजारातल्या, बसथांब्यावरच्या, देवळाच्या पायऱ्यांवरच्या अनोळखी बायका दिसल्या आणि त्यांनाही चेहरे नव्हते.

जमलेल्यांपैकी कोणीतरी ‘डिलीट कर’ म्हणून ओरडले आणि त्याने ती आमच्यासमोर पुसून टाकली. फेरी धक्क्याला लागली, गाडी उतरली आणि निघून गेली. गाडीचा क्रमांक तेवढा मी टिपून घेतला. नंतर एका पोलीस चौकीत गेलो असता तेथील कर्मचाऱ्याने अतिशय शांतपणे विचारले, ‘बाय, सगळे कपड्यांतलेच फोटो होते, जागा सार्वजनिक, आणि आता तर फोटोसुद्धा उरले नाहीत. मी गुन्हा कोणता लिहू?’

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री भाचीने मला विचारले, ‘मावशी, मी तेथे उभी होते म्हणजे मी हो म्हटले होते का?’ तेव्हापासून हाच प्रश्न माझ्या डोक्यात आहे. फेरीतल्या पन्नास माणसांनी तिला पाहिले, याचे तिला काहीही वाटलेले नाही. चारचौघांत वावरताना माणूस दिसणारच. पण एका माणसाने तिच्या शरीराचा एक भाग निवडला, तो तिच्यापासून तोडून घेतला आणि हवा तेव्हा पाहण्यासाठी आपल्या खिशात ठेवला. हे पाहणे नव्हे. हे दोन प्रकार आपला कायदा वेगळे मानतो की नाही, हे मला येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

दंडविधान

ताई, मी म्हापशाला फौजदारी वकिली करतो. त्या कर्मचाऱ्याचा प्रश्न चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. मात्र त्याला उत्तर आहे आणि ते त्याने शोधायला हवे होते.

आपल्या कायद्यात चोरून पाहण्याचा आणि टिपण्याचा स्वतंत्र गुन्हा २०१३ पर्यंत नव्हता. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४-क (इंग्रजी क्रमाने ‘सी’) आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ ने घेतली आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे आणि पुन्हा दोषी ठरल्यास तीन ते सात वर्षे कारावास, शिवाय दंड, अशी शिक्षा आहे. जुन्या कलमात ‘कोणताही पुरुष’ असे शब्द होते, नव्या कलमात ‘जो कोणी’ असे आहेत. म्हणजे असे चित्रण करणारी स्त्री असली तरी ती आता सुटत नाही.

अडचण आहे ती ‘खासगी कृती’ या शब्दांत. ज्या जागी एकांत मिळेल अशी वाजवी अपेक्षा असते, तेथे स्त्रीचे गुप्तांग, नितंब किंवा स्तन उघडे असतील किंवा केवळ अंतर्वस्त्रांनी झाकलेले असतील, ती शौचालय वापरत असेल, किंवा चारचौघांत सहसा होत नाही अशी लैंगिक कृती चालू असेल, तरच हे कलम लागते. न्हाणीघर, कपडे बदलण्याची खोली, हॉटेलातील खोली या जागा त्यात बसतात. फेरीबोटीवर पूर्ण कपड्यांत उभी असलेली मुलगी बसत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये असाच अर्थ लावला. घरासमोर उभ्या असलेल्या महिलेची छायाचित्रे काढल्याच्या त्या प्रकरणात ३५४-क चा आरोप न्यायालयाने रद्द केला, पण स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याबद्दलच्या कलम ५०९ खालची कारवाई चालू ठेवली.

दुसरे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-ई हे आहे, जे २००८ च्या दुरुस्तीने आले आणि २००९ मध्ये अमलात आले. कोणाही व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हे कलम पुरुषांनाही संरक्षण देते, आणि त्याच्या स्पष्टीकरणात एक वाक्य फार मोलाचे आहे: जागा सार्वजनिक असो वा खासगी, आपल्या शरीराचा तो भाग लोकांना दिसणार नाही अशी अपेक्षा त्या व्यक्तीला ठेवता येत असेल, तर ते पुरेसे आहे. म्हणजे जिन्याखालून किंवा बसच्या पायरीवर स्कर्टखाली मोबाईल धरणे येथे सरळ गुन्हा ठरते. परंतु येथेही अवयव उघडा किंवा फक्त अंतर्वस्त्रात असावा लागतो. जीन्समधली आकृती त्यात येत नाही.

उरते न्याय संहितेचे कलम ७९, म्हणजे पूर्वीचे ५०९. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द, हावभाव, कृती करणे, किंवा तिच्या खासगीपणात घुसखोरी करणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत साधा कारावास आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे. तुमच्या भाचीची तक्रार येथे लिहायला हवी होती. हेतू सिद्ध करावा लागतो हे खरे, पण चेहरा वगळून घेतलेली अकरा छायाचित्रे आणि त्याआधीच्या अनोळखी बायकांची रांग, हा हेतूचा फार बोलका पुरावा होता. तो पुसला गेला याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिगमोत्सव

मी गेली कित्येक वर्षे फोंडा आणि पणजीत शिगम्याच्या मिरवणुका, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मांडवीवरचे मासेमार यांची छायाचित्रे काढतो. अबोलीताईंच्या भाचीबाबत जे झाले ते घृणास्पद आहे. तरीही माझी भीती मांडतो. उद्या असा कायदा झाला, की परवानगीशिवाय सार्वजनिक जागी कोणाचेही छायाचित्र काढणे गुन्हा, तर रोमटामेळाचे, म्हणजे शिगम्यातल्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीचे, एकही छायाचित्र काढता येणार नाही, बातमीदाराला मोर्चाचे छायाचित्र घेता येणार नाही, आणि रस्त्यात कोणाला मारहाण होत असताना ती टिपणाऱ्या मुलावरच तक्रार होईल. बाजारात फुले विकणारी बाई आपल्याच नादात असते म्हणून ते छायाचित्र जिवंत येते. आधी विचारले तर ती पदर सावरून माझ्याकडे पाहू लागते. मी छायाचित्र काढल्यावर दाखवतो, नको म्हटले तर पुसतो. या कामाला जागा राहावी, एवढीच माझी विनंती आहे.

अबोली

दादा, तुमची भीती मला पटते, आणि सरसकट बंदी मलाही नको आहे. पण तुम्ही स्वतःच फरक सांगितलात. तुम्ही छायाचित्र दाखवता. त्या माणसाने ते नाकारले. तुमच्या छायाचित्रात फुलवाली असते, तिचा चेहरा असतो, तिच्यासमोरची अबोलीची आणि झेंडूची रास असते. त्याच्या चित्रात माणूसच नव्हता. लपवणे, शरीराचा विशिष्ट भाग निवडणे आणि लैंगिक हेतूने साठवणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच गुन्हा, असे कलम लिहिता येणार नाही का? मिरवणूक टिपणाऱ्याचा त्याच्याशी दुरूनही संबंध येणार नाही.

तिसवाडी

मला हा सगळा विचार थोडा भाबडा वाटतो. घराबाहेर पडलो म्हणजे दिसणारच. पणजीत प्रत्येक दुकानावर सीसीटीव्ही आहे, प्रत्येक पर्यटक रील बनवतो, आणि त्यांच्या मागे आपण दिवसातून दहा वेळा टिपले जातो. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. माणसाच्या मनात काय होते हे न्यायालयाने कसे ठरवायचे? ज्यांना हे खटकते त्यांनी जरा जपून वावरावे, हाच व्यवहार आहे.

दंडविधान

तिसवाडी, आपण मांडलेला पहिला मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच निकालात काढला आहे. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले, आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे, की केवळ सार्वजनिक जागी आल्यामुळे खासगीपणा संपत नाही, कारण तो जागेला नव्हे तर माणसाला चिकटलेला असतो, त्याच्या प्रतिष्ठेचा भाग असतो. मूलभूत अधिकाराचे तत्त्व येथवर पोहोचले आहे. दंडविधानाची कलमे मात्र अजून ‘बाई कोठे होती आणि काय घातले होते’ एवढेच विचारतात.

मनातला हेतू ठरवणे न्यायालयांना नवीन नाही. चोरी, फसवणूक, खून, सगळ्यांत हेतू कृतीवरूनच ठरवला जातो. दुकानातला कॅमेरा येणाऱ्या प्रत्येकाला टिपतो, बाईच्या मागे फिरत नाही. आणि जपून वावरण्याबद्दल म्हणाल, तर ती मुलगी सार्वजनिक फेरीबोटीत कठड्याशी उभी होती. याहून जपून कसे उभे राहायचे?

जाता जाता एक सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नाव अशा चर्चेत बरेचजण घेतात. त्याचा येथे उपयोग नाही, कारण एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली तर तो कायदा लागूच होत नाही.

रापण

मी उत्तर गोव्यातल्या एका किनारी गावात राहतो, आमच्या चार खोल्या भाड्याने असतात आणि त्यामुळे किनारा रोज पाहतो. येथे जे चालते ते फेरीपेक्षा उघड आहे. बागा, कळंगुट, हरमल, कोठेही जा. वाळूवर पडलेल्या किंवा पाण्यातून बाहेर येणाऱ्या बाईच्या आसपास चार तरुण एकमेकांची छायाचित्रे काढण्याचे निमित्त करून उभे असतात, आणि मोबाईलचा रोख मित्रावर नसतो. एखादा सरळ जाऊन खेटून सेल्फी घेतो. परदेशी बाईला भाषा येत नाही, ती हात हलवून नको म्हणते, आणि हे हसतात. अलीकडे आमच्याच मुली समुद्रात उतरायच्या कमी झाल्या आहेत, हे मला जास्त लागते. किनारा आमचा, आणि आमची मुलगी ओढणी सावरत वाळूवर उभी राहते.

पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढली होती, त्यात पहिल्या काही ओळींतच लिहिले होते, की इतर पर्यटकांची आणि अनोळखी लोकांची, विशेषतः ऊन खात पडलेल्यांची किंवा समुद्रात पोहणाऱ्यांची, छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत, त्यांच्या खासगीपणाचा मान राखावा. सूचना चांगली होती. पण ती वाचून कोणी थांबलेला मी पाहिलेला नाही, कारण न पाळल्यास काय होईल हे किनाऱ्यावर कोणीच सांगत नाही. जीवरक्षक शिट्टी वाजवतात ती बुडणाऱ्यासाठी. वकीलसाहेबांना विचारतो: पोहण्याचे कपडे घातलेल्या बाईचे काय?

दंडविधान

तीच सर्वांत अवघड जागा आहे. पोहण्याचे कपडे ही अंतर्वस्त्रे नव्हेत, आणि किनारा ही एकांताची जागा नव्हे, म्हणून कलम ७७ आणि ६६-ई दोन्ही निसटतात. पुन्हा कलम ७९ च उरते. मात्र त्याच बाईने किनाऱ्यावरच्या शॅकमागील आडोशाला कपडे बदलले आणि कोणी फटीतून टिपले, तर कलम ७७ पूर्ण लागू होते. शिवाय अशा खासगी कृतीचे छायाचित्र संमतीने काढलेले असले आणि ते तिऱ्हाइताला संमतीशिवाय पाठवले, तरी याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार तो गुन्हा आहे.

गोव्यात या कलमाचे पूर्वरूप, म्हणजे ३५४-क, एकदा देशभर गाजले होते, ते आठवत असेल. एप्रिल २०१५ मध्ये कांदोळी येथील एका कपड्यांच्या दुकानात, तेव्हा केंद्रीय मंत्री असलेल्या स्मृती इराणी यांना कपडे बदलण्याच्या खोलीच्या दिशेने लावलेला कॅमेरा दिसला, आणि त्यावरून गुन्हा नोंदवला गेला. तेव्हा पोलीस काही तासांत कामाला लागले. तक्रार करणारी मंत्री नसेल तेव्हाही तेवढीच तत्परता दिसावी, अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे.

कुळागर

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता लागू असल्यामुळे स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क येथे आधीपासून आहे, असे मी एका व्याख्यानात ऐकले होते. त्याचा आधार घेऊन दिवाणी दावा लावता येणार नाही का?

दंडविधान

हा गैरसमज मीही ऐकला आहे. प्रतिमेच्या हक्काचे कलम ७९ आहे ते पोर्तुगालच्या १९६६ च्या नागरी संहितेत. गोवा मुक्त झाला १९६१ मध्ये, त्यामुळे ती संहिता येथे कधीच आली नाही. आपल्याकडे राहिली ती १८६७ ची, आणि तीही आता मुख्यतः विवाह, कुटुंब आणि मालमत्ता या बाबतींत. दोन्हीकडे कलमाचा आकडा ७९ असल्याने गोंधळात भर पडते. आपले ७९ फौजदारी आहे.

खाकी निवृत्त

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे. चौकीतल्या त्या सहकाऱ्याची बाजू घेत नाही. कलम ७९ त्याला ठाऊक असायला हवे होते. परंतु लोक जी चूक करतात तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ती मी नोकरीत पुन्हा पुन्हा पाहिली.

‘डिलीट कर’ हे वाक्य कृपा करून कोणीही उच्चारू नये. रागाच्या भरात ते तोंडातून येते, मुलीलाही त्या क्षणी ते चित्र नाहीसे व्हावे असेच वाटते, आणि तेथेच पुरावा जातो. त्या माणसाला मोबाईल खिशात ठेवू द्या, पण त्याला नजरेआड होऊ देऊ नका. ११२ वर फोन करा. गाडीचा क्रमांक, वेळ, जागा, त्याचा पेहराव लिहून घ्या. जे पाहतात त्यांतल्या दोघांचे नाव आणि क्रमांक घ्या. पुढे पंच आणि साक्षीदार मिळत नाहीत म्हणून कितीतरी प्रकरणे मोडतात. मोबाईल हिसकावून घेऊ नका आणि मारहाण तर मुळीच नको. सामान्य नागरिकाला अटक करण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण तो अजामीनपात्र दखलपात्र गुन्ह्यासाठी किंवा घोषित गुन्हेगारासाठी. येथील पहिल्या वेळचे गुन्हे जामीनपात्र आहेत. जमावाने त्याला चोप दिला, की फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

छायाचित्रे पुसली गेली असली तरी आशा सोडू नये. बहुतेक मोबाईलमध्ये पुसलेले चित्र कचऱ्याच्या कप्प्यात काही आठवडे राहते. म्हणूनच तक्रार लवकर द्यावी. पोलिसांनी मोबाईल पंचनाम्याने जप्त करावा, जप्तीचे चित्रीकरण करावे, तो बंद करून मोहोरबंद ठेवावा आणि न्यायवैद्यक तपासणीला पाठवावा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र नसेल तर न्यायालयात सगळे कष्ट वाया जातात. ६६-ई लावले असेल तर तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. हवालदाराने केलेला तपास बचाव पक्षाच्या वकिलाला आयताच मिळतो.

न्याय संहितेच्या कलम ७४ ते ७९ खालच्या फिर्यादीत पीडितेचे म्हणणे महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचे आहे, आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद करावी लागते. तरीही घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अबोलीताई, तुमच्याकडे गाडीचा क्रमांक आहे. अजून वेळ गेलेली नाही.

स्विंडनकर

मी मूळचा डिचोलीचा, सध्या इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. येथेही २०१९ पर्यंत हाच खड्डा होता. २०१७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या हाईड पार्कमधील एका संगीत कार्यक्रमात जिना मार्टिन या तरुणीच्या स्कर्टखाली एका माणसाने मोबाईल धरला. तिने त्याचा फोन घेऊन पोलिसांना दिला, आणि तरीही प्रकरण बंद झाले, कारण जागा सार्वजनिक होती आणि कपडे अंगावर होते. तिने मोहीम चालवली, आणि १२ एप्रिल २०१९ पासून इंग्लंड व वेल्समध्ये हा स्वतंत्र गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कारावासाचा. स्कॉटलंडने तो २०१० मध्येच केला होता. पण येथील गुन्हाही कपड्यांखाली डोकावण्यापुरताच आहे. कपड्यांवरून घेतलेली छायाचित्रे येथेही त्यात येत नाहीत, म्हणून आपल्याकडे नवे कलम लिहायचे झाले तर ते येथून जसेच्या तसे उचलू नये.

दंडविधान

बरोबर. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मार्च २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रेल्वेत बायकांच्या स्कर्टखाली चित्रण करणे जुन्या कलमात बसत नाही, कारण त्या बायका ‘अंशतः विवस्त्र’ नव्हत्या. दोन दिवसांत विधिमंडळाने नवा कायदा केला. मनात आणले तर कायदा किती वेगाने होतो, हे सांगण्यासाठी मी ते उदाहरण नेहमी देतो.

पाटी

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आपण सगळे प्रौढ मुलींबद्दल बोलत आहोत, पण माझ्या वर्गातल्या नववीच्या मुलींनी मला सांगितले, की बसमध्ये त्या दप्तर मागे न घेता मांडीवर, गुडघ्यांवर धरून बसतात, आणि हे एकमेकींना शिकवतात. चौदा वर्षांच्या मुलीने दप्तराची ढाल करावी हे मला सहन होत नाही. आणि मी आणखी एक पाहिले आहे, ते लिहिताना जड जाते: वर्गातल्या मुलांनी एका शिक्षिकेची फळ्याकडे वळलेली छायाचित्रे काढून आपल्या गटात फिरवली होती. त्या मुलांना आपण काही वाईट केले असे खरोखर वाटत नव्हते. ‘टीचर, अंगावर तर साडीच आहे,’ असे एकाने मला सांगितले. चौकीतल्या माणसाचे आणि या मुलाचे वाक्य एकच आहे, हे अबोलीताईंचा धागा वाचताना माझ्या लक्षात आले.

पीडित अठरा वर्षांखालील असेल, तर कोणते कलम लागते?

दंडविधान

लैंगिक हेतू असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, आणि तो मुलगे व मुली दोघांनाही संरक्षण देतो. लहान मुलांची अश्लील चित्रे प्रसारित करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-बी खालीही गुन्हा आहे. पॉक्सोमध्ये बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मात्र न्याय संहितेच्या कलम ७२ मधील नाव न छापण्याची तरतूद बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यांपुरतीच आहे. कलम ७७ किंवा ७९ च्या तक्रारदाराला ती आपोआप मिळत नाही. अनेक मुली तक्रार करत नाहीत त्यामागे हीच भीती असते, आणि ही दुरुस्ती करायला नवे कलमसुद्धा लागणार नाही, आकड्यांच्या यादीत दोन आकडे वाढवले तरी पुरे.

रापण

आणखी एक धोका येऊ घातला आहे. कॅमेरा असलेले चष्मे २०२५ पासून आपल्याकडे उघड विकले जात आहेत. चित्रण चालू असताना त्यावर लहानसा दिवा लागतो म्हणतात. पण भर दुपारच्या उन्हात, वाळू डोळ्यांवर तळपत असताना, तो दिवा कोणाला दिसणार? मोबाईल निदान हातात तरी दिसतो.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. खाकी दादांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही दोघींनी परवा पुन्हा जाऊन लेखी तक्रार दिली. यावेळी कलम ७९ तक्रारीतच लिहिले होते, गाडीचा क्रमांक आणि फेरीतल्या एका मासळीवाल्या काकींचे नाव साक्षीदार म्हणून दिले होते. काकी आपणहून आमच्याबरोबर आल्या, टोपली शेजारणीकडे ठेवून. भाचीचे म्हणणे महिला उपनिरीक्षकांनी नोंदवून घेतले आणि प्रत दिली. मोबाईल अजून मिळालेला नाही. छायाचित्रे कोठे टाकली गेली असतील तर काय, ही तिची चिंता आहे, कारण चेहरा नसलेले चित्र आपलेच आहे हे सिद्ध तरी कसे करायचे?

खाकी निवृत्त

ताई, चित्र कोठे सापडले तर लगेच त्याचा पत्ता आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठीच्या विभागात नोंदवा. रायबंदरचे सायबर पोलीस ठाणेही तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. नग्न किंवा खासगी अवयवांचे चित्र असेल, तर २०२१ च्या नियमांनीच समाजमाध्यम कंपन्यांवर तक्रारीनंतर ते तेव्हा चोवीस तासांत हटवण्याचे बंधन घातले, आणि २०२६ च्या दुरुस्तीने ती मुदत आणखी कमी केली. तुमच्या प्रकरणात ती चित्रे त्या व्याख्येत बसणार नाहीत, म्हणून गुन्ह्याचा क्रमांक देऊन पोलिसांमार्फत मागणी करणे हाच मार्ग आहे. भाचीचे त्या दिवशीचे कपडे न धुता वेगळे ठेवा. कापडाची वीण, झिजलेली शिवण, पाठीवरच्या पिशवीचा पट्टा, यांवरून ओळख पटवता येते.

तिसवाडी

मी वर जे लिहिले त्यातले ‘जपून वावरावे’ हे शब्द मागे घेतो. पाटी यांचा प्रतिसाद काल रात्री मुलीला वाचून दाखवला. ती दहावीत आहे. तिने काही न बोलता आपले दप्तर मांडीवर कसे धरते ते मला दाखवले.

अबोली

तिसवाडी दादा, हे लिहिलेत याबद्दल आभार.

कपडे बाजूला ठेवले आहेत. मी दोन पत्रांचे मसुदे करते आहे. पहिले नदी परिवहन खात्याला: प्रत्येक फेरीबोटीत आणि धक्क्यावर मराठी, कोंकणी व इंग्रजीत फलक असावा, त्यावर ‘दुसऱ्याचे चोरून चित्रण करणे हा गुन्हा आहे’ हे वाक्य, कलमांचे आकडे आणि ११२ असावे, आणि तक्रार आली तर पोलीस येईपर्यंत गाड्या उतरू न देण्याची सूचना कर्मचाऱ्यांना असावी. दुसरे आमच्या आमदारांना: विधानसभेने केंद्राकडे शिफारस करावी, की लपून, लैंगिक हेतूने, शरीराचा भाग निवडून केलेले चित्रण हा कपडे आणि जागा कोणतीही असली तरी स्वतंत्र गुन्हा असावा, वृत्तांकन आणि कलेला त्यातून स्पष्ट वगळावे, आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे. शिगमोत्सव दादा, वगळण्याचे वाक्य तुम्ही लिहून द्याल का? ते तुमच्या हातचे असावे असे मला वाटते.

शिगमोत्सव

आनंदाने लिहितो. रविवारपर्यंत पाठवतो.